करेरा २४४७ म्हणून दाखवलेलं घड्याळ घ्यावं का? शर्यतींच्या काळातल्या क्रोनोग्राफबद्दल सविस्तर उत्तर

प्रश्न थोडक्यात असा: पुण्याच्या एका वाचकांना १९६०-७० च्या काळातलं, मोटार शर्यतींशी नातं असलेलं क्रोनोग्राफ, म्हणजे स्टॉपवॉचची सोय असलेलं मनगटी घड्याळ, घ्यायचं आहे. जुनं घड्याळ ते पहिल्यांदाच घेत आहेत. एका विक्रेत्याने त्यांना ‘हॉयर करेरा २४४७, साल १९६५, शंभर टक्के ओरिजिनल’ असं सांगून एक नग दाखवलाय. डायल कोरी करकरीत, अंधारात ठिपके हिरवे लखलखतात, केस (घड्याळाची धातूची चौकट) आरशासारखी चकचकीत. मागचं झाकण उघडून काढलेल्या फोटोत मशीनवर ७७३६ हा आकडा आहे. पट्टा जिथे बसतो त्या दोन कानांमधला नंबर ‘पॉलिशमध्ये गेला’ असं विक्रेता म्हणतो. घ्यावं का? आणि नाही, तर सुरुवात कुठून करावी?

सांगितलेल्या भावात अजिबात घेऊ नका. घड्याळ हातात न घेताही एवढं सांगता येतं, कारण तुम्ही दिलेल्या माहितीतच ते घड्याळ स्वतःविरुद्ध साक्ष देतंय.

हॉयर या स्विस कंपनीच्या करेरा २४४७ मध्ये व्हॅल्जू कंपनीचं ७२ हे मशीन असतं. चावीचं, कॉलम व्हीलचं (हे काय ते पुढे सांगतो), तासाला १८,००० ठोके. ७७३६ हे वेगळ्या कुळातलं मशीन. व्हीनस या कंपनीचं १८८ नावाचं क्रोनोग्राफ मशीन होतं. ती कंपनी व्हॅल्जूमध्ये गेली आणि १९६६ च्या सुमारास तेच मशीन ७७३० या नावाने पुढे आलं. ७७३३, ७७३४ आणि तीन छोट्या तबकड्यांचं ७७३६ ही त्याची पुढची भावंडं. म्हणजे १९६५ सालच्या कुठल्याच घड्याळात ७७३६ असू शकत नाही, मग ते हॉयर असो की आणखी कुणाचं. हॉयरने ७७३६ वापरून करेरा बनवली, पण तिचा नंबर ७३६५३, आणि ती नंतरची. लांबून दोन्ही सारख्याच दिसतात, भावात मात्र बराच फरक आहे. नंबर नेमका दोन कानांमधूनच ‘गेला’ हा योगायोग मला पटत नाही. फार तर ते सरळमार्गी ७३६५३ असेल, किंवा दोन-तीन घड्याळांचे अवयव एकत्र करून बसवलेलं असेल. अशा नगाला संग्राहक ‘फ्रँकन’ म्हणतात.

आता ते हिरवं लखलखणं. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला स्विस घड्याळांच्या चमकत्या रंगात रेडियम मागे पडून ट्रिटियम आलं. डायलच्या तळाशी ‘स्विस’च्या आजूबाजूला बारीक ‘टी’ दिसतो तो त्याचाच. ट्रिटियम दर १२.३ वर्षांनी निम्मं होतं. साठ वर्षांत त्यातलं जेमतेम तीन टक्के उरतं. तेव्हा १९६५ सालचे मूळ ठिपके आज रात्री चमकणं शक्यच नाही. ते फिकट पिवळे, साईच्या रंगाचे किंवा तपकिरी झालेले असतात. अल्ट्राव्हायोलेट टॉर्च मारला तर क्षणभर मंद उजळतात आणि टॉर्च बंद होताच विझतात. तुमच्या नगावरचा रंग लखलखतोय, म्हणजे तो अलीकडे भरलेला आहे. ठिपके नव्याने भरणाऱ्याने डायलही नव्याने छापली असेल का? कोऱ्या करकरीत डायलकडे बघून मला तरी तसंच वाटतं.

इतक्या बारकाईने बघायची गरज का, हे कळायला या घड्याळांच्या किमतीत नेमकं काय भरलेलं असतं ते समजून घ्यावं लागेल.

जॅक हॉयर हा कंपनीच्या संस्थापकाचा पणतू. १९५८ मध्ये तो स्वित्झर्लंडमधल्या एका मोटार रॅलीत नॅव्हिगेटर म्हणून बसला होता. गाडीच्या डॅशबोर्डवर त्यांच्याच कंपनीचं ‘ऑटाव्हिया’ उपकरण होतं, १९३३ पासून चालत आलेलं. त्यावरचा आकडा त्याला धावत्या गाडीत नीट वाचता आला नाही आणि पहिला नंबर हुकला. त्याने ते उपकरण बंद केलं, पण नाव आवडतं होतं म्हणून १९६२ मध्ये मनगटी क्रोनोग्राफला दिलं. त्याच वर्षी अमेरिकेतल्या सेब्रिंगच्या १२ तासांच्या शर्यतीत त्याची गाठ मेक्सिकोच्या रॉड्रिगेझ या रेसर भावांच्या आईवडिलांशी पडली. त्यांच्या तोंडून त्याने १९५० ते १९५४ दरम्यान झालेल्या, अपघातांपायी बंद पडलेल्या ‘करेरा पानामेरिकाना’ शर्यतीचं नाव ऐकलं. १९६३ मध्ये करेरा बाजारात आली.

या गोष्टीत मला खरी गोडी वाटते ती डायलची. एक पंचमांश सेकंदांच्या रेघा डायलवर छापायच्या ऐवजी काचेला आतून धरून ठेवणाऱ्या तिरक्या रिंगवर छापल्या. त्यामुळे डायल मोकळी झाली. वाचता न आलेल्या उपकरणाचा धडा त्यात सरळ दिसतो. ३६ मिलिमीटरचं हे घड्याळ आजही एका नजरेत वाचता येतं, आणि जुन्या करेराला मी पैसे देईन ते यासाठी.

हॉयरच्याच मोनॅकोची गोष्ट उलटी आहे. १९६९ मधलं चौकोनी, निळ्या डायलचं, डाव्या बाजूला चावी असलेलं हे घड्याळ त्या काळात फारसं खपलं नाही आणि सत्तरच्या दशकाच्या मध्याला बंदही पडलं. १९७० मध्ये ‘ल माँ’ या चित्रपटाचं चित्रीकरण चाललं होतं. त्यातला नायक, अभिनेता स्टीव्ह मॅक्वीनला रेसर जो सिफर्टसारखं दिसायचं होतं, सिफर्टच्या सूटवर हॉयरचं चिन्ह होतं, म्हणून घड्याळही हॉयरचं निवडलं गेलं. त्या चित्रीकरणातलं एक मोनॅको डिसेंबर २०२० मध्ये न्यूयॉर्कच्या लिलावात बावीस लाख डॉलरला गेलं. रोलेक्स डेटोनाच्या ज्या रंगीबेरंगी डायलला आज ‘पॉल न्यूमन’ म्हणतात, ती डायलही त्या काळी दुकानात पडून राहायची. अभिनेता पॉल न्यूमनचं स्वतःचं, बायकोने दिलेलं, मागे ‘जपून चालव’ अशा अर्थाची अक्षरं कोरलेलं ६२३९ नंबरचं डेटोना ऑक्टोबर २०१७ मध्ये १ कोटी ७७ लाख डॉलरला विकलं गेलं, आणि त्यानंतर बऱ्याच जुन्या क्रोनोग्राफचे भाव वर सरकले. युनिव्हर्सल जिनिव्हा कंपनीच्या एका कॉम्पॅक्स मॉडेलला संग्राहक ‘निना रिंट’ म्हणतात, कारण रेसर योखेन रिंटच्या पत्नीच्या मनगटावर ते शर्यतीच्या मैदानावरच्या फोटोंत दिसतं. त्या घड्याळाचा निम्मा भाव त्या फोटोंचा आहे असं मी म्हटलं तर जाणकार चिडतील, पण नाकारणार नाहीत.

विक्रेता हीच गोष्ट सांगून भाव वाढवतो, आणि घरी येतं ते निव्वळ घड्याळ. ओमेगा स्पीडमास्टरचं उदाहरण घ्या. १९५७ मधलं हे घड्याळ मोटारवाल्यांसाठी काढलेलं. टॅकीमीटरचे, म्हणजे वेग मोजायच्या पट्टीचे, आकडे डायलवरून उचलून बाहेरच्या बेझलवर (काचेभोवतीच्या कड्यावर) नेणारं ते पहिलं. चंद्रावर गेलेलं घड्याळ ही ओळख नंतर आली. त्यातलं पहिल्या मालिकेतलं, तपकिरी पडलेल्या डायलचं एक घड्याळ नोव्हेंबर २०२१ मध्ये जिनिव्हाच्या लिलावात ३१ लाख स्विस फ्रँकच्या वर गेलं. घेणारी खुद्द ओमेगा कंपनी. २०२३ मध्ये बाहेर आलं की ते वेगवेगळ्या ठिकाणचे भाग जुळवून तयार केलेलं होतं, आणि त्यात कंपनीच्याच माजी कर्मचाऱ्यांचा हात असल्याचं कंपनीने जाहीर केलं. तिथे हे होऊ शकतं, तर मुंबई-पुण्यातल्या व्यवहारात ‘माझ्यावर विश्वास ठेवा’ या वाक्याची किंमत किती धरायची ते तुम्हीच ठरवा.

म्हणून मी घड्याळ बघताना एकच प्रश्न धरून बसतो: याचे सगळे भाग एकाच काळातले आहेत का? केसवरचा नंबर, मशीन, डायलवरचा मजकूर, काट्यांमधला रंग, चावीवरचं चिन्ह, मागचं झाकण, ही सगळी एकमेकांना दुजोरा देणारी हवीत. साधी गोष्ट सांगतो. १९६४ मध्ये हॉयर आणि लिओनिडास या कंपन्या एकत्र आल्या. त्याआधीच्या घड्याळाच्या मशीनवर एकट्या हॉयरचं नाव असायला हवं, नंतरच्यावर हॉयर-लिओनिडास. पहिल्या वर्षातली करेरा म्हणून कोणी घड्याळ दाखवलं आणि मशीनच्या पुलावर (वरच्या पट्टीवर) जोडनाव असलं, तर निदान विचारायला हवं की असं का. कधी उत्तर समाधानकारक मिळतं. हॉयरच्या कारखान्यातही जुना साठा संपेपर्यंत वापरला जात होता, त्यामुळे वर्ष-दीड वर्षाचा सांधा मी सैल धरतो. पाच वर्षांचा धरत नाही.

मशीन कसं ओळखायचं? मागचं झाकण उघडल्याशिवाय जुनं क्रोनोग्राफ घेऊच नये. विक्रेता झाकण उघडायला तयार नसेल तर विषय संपला. कंपनीचा शिक्का आणि मशीनचा क्रमांक व्हॅल्जूमध्ये बॅलन्स व्हीलच्या (मागेपुढे झुलणाऱ्या चाकाच्या) खालच्या मुख्य प्लेटवर असतो, भिंग लावून तिरक्या उजेडात बघावा लागतो. कॉलम व्हील हे बुरुजासारखे उभे खांब असलेलं छोटं चाक. बटण दाबलं की ते एक खाच फिरतं आणि त्याच्या खांबांवर टेकलेली तरफांची टोकं आत-बाहेर होतात. ७७३३, ७७३६ किंवा लँडेरॉन ४८ या मशीनमध्ये त्याऐवजी एकावर एक बसवलेल्या चपट्या, वळणदार पट्ट्या सरकतात. त्यांना कॅम म्हणतात. कॉलम व्हीलचं बटण दाबताना हात मऊ जातो, कॅमचं जरा टणक. कॅम वाईट, असं मुळीच नाही. ओमेगाचं १९६८ नंतरचं ८६१ हेही कॅमचंच आहे आणि वर्षानुवर्षं निमूट चालतं. बनवायला कॅम स्वस्त आणि दुरुस्तीलाही सोपा. पण संग्राहकांच्या बाजारात कॉलम व्हीलचा भाव जास्त, आणि नेमकी म्हणूनच तिथे फसवणूक जास्त.

१९६९ साली ऑटोमॅटिक क्रोनोग्राफ तीन ठिकाणी जवळजवळ एकदम आली. झेनिथने १० जानेवारीला एल प्रिमेरो जाहीर केलं, तासाला ३६,००० ठोक्यांचं. ३ मार्चला हॉयर, ब्राइटलिंग, ब्यूरेन-हॅमिल्टन आणि डुब्वा-डेप्राझ यांनी मिळून कॅलिबर ११ हे मशीन आणलं. आणि जपानमध्ये सेइकोने गाजावाजा न करता ६१३९ विकायला काढलं. ‘पहिलं कोण’ हा वाद घालण्यात लोकांना मजा येते, मला नाही. खरेदीदाराच्या कामाची गोष्ट वेगळी आहे. कॅलिबर ११ म्हणजे ब्यूरेनच्या छोट्या रोटरच्या (हाताच्या हालचालीने फिरून चावी देणाऱ्या वजनाच्या) ऑटोमॅटिक मशीनवर बसवलेला डुब्वा-डेप्राझचा क्रोनोग्राफचा थर. चावी डावीकडे, बटणं उजवीकडे, हे त्या रचनेतूनच आलं. कंपनीने जाहिरात मात्र अशी केली की या घड्याळाला रोज चावी द्यावी लागत नाही, म्हणून ती डावीकडे! मोनॅको ११३३, ऑटाव्हिया ११६३, त्या काळातली ऑटोमॅटिक करेरा, सगळ्यांत हेच मशीन किंवा त्याचा सुधारलेला भाऊ, कॅलिबर १२. दिसायला ही घड्याळं अप्रतिम आहेत. पांढऱ्या डायलची, निळी झाक असलेली ‘सिफर्ट’ ऑटाव्हिया मला मोनॅकोपेक्षाही आवडते. पण हा थर नीट उघडून जोडणारे कारागीर कमी, भाग दुर्मीळ, आणि काटे शून्यावर अचूक परत न येणं ही त्याची नेहमीची तक्रार. घरातलं पहिलं जुनं क्रोनोग्राफ म्हणून कॅलिबर ११ कुणालाच सुचवणार नाही.

आता डायल. या छंदात पैशाचा मोठा वाटा तिथेच अडकलेला असतो. मशीन दुरुस्त होतं, काच नवी बसते, पट्टा बदलतो. मूळ छपाई गेली की गेली. यात मुंबईचं नाव जगभर झालेलं आहे, आणि अभिमानाने नाही. परदेशातले संग्राहक रंगवून नव्याने छापलेल्या डायलच्या घड्याळांना ‘मुंबई स्पेशल’ म्हणतात. मला हा शब्द थोडा अन्यायाचा वाटतो. आपल्याकडच्या चार महिन्यांच्या दमट हवेत डायलवर बुरशीसारखे डाग येतात, लॅकर (वरचा चकचकीत लेप) फुगतं, काटे गंजतात. वडिलांचं घड्याळ मुलाच्या लग्नात घालायचं म्हणून घड्याळजीकडे दिलं की तो डायल रंगवणाऱ्याकडे पाठवायचा, थोडक्या पैशांत नवीकोरी डायल यायची, सगळे खूश. त्यात कुणी कुणाला फसवलं नव्हतं. फसवणूक सुरू होते ती असं घड्याळ ‘ओरिजिनल’ म्हणून बाहेर विकताना. चोरबाजारातून घेणार असाल तर हौसेने घ्या, पण ओरिजिनलचा भाव देऊ नका.

रंगवलेली डायल ओळखायला दहापट भिंग पुरतं. मूळ डायलवरची छपाई ठाशीव असते, अक्षरांच्या कडा धारदार, शाईला किंचित उंची. पुन्हा छापलेल्यात अक्षरं पसरट, रेघा कमी-जास्त जाडीच्या, ‘स्विस’ची जागा चुकलेली. क्रोनोग्राफमध्ये एक हमखास जागा आहे: छोट्या तबकड्यांमधल्या गोल-गोल बारीक खाचा. मूळ डायलमध्ये त्या उजेडात चकाकत फिरतात. वर रंग चढला की बुजतात. खाचा बुजलेल्या असतील तर बाकी तपासायची गरज नाही. तसंच डायलवरचे ठिपके आणि काट्यांतला भराव यांचा रंग जवळपास सारखा हवा. डायल पिवळी आणि काटे पांढरे शुभ्र, म्हणजे काटे कधीतरी बदललेत. बदललेले काटे असलेलं घड्याळही घेता येतं, फक्त भावात ते दिसायला हवं.

उन्हाने काळ्याची तपकिरी झालेली डायल ‘ट्रॉपिकल’ म्हणून दुप्पट-तिप्पट भावात विकतात. तो रंग एकसारखा आणि नैसर्गिक असेल तर सुंदर दिसतो, हे मान्य. पण तपकिरी रंग मुद्दाम उष्णता देऊनही आणता येतो. शिवाय खराब होण्याला दागिन्याचं मोल देण्यात मला फार शहाणपण वाटत नाही. नवख्याने यात पडू नये.

केसच्या बाबतीत आपल्याकडची आवड आणि संग्राहकांची आवड एकदम विरुद्ध आहे. आपल्याला चकचकीत हवं असतं. पॉलिशच्या चाकावर धरली की केसच्या कडा गोल होतात, कान बारीक होतात, वरची ब्रश केलेली फिनिश जाते. हॉयरचे नंबर दोन कानांच्या मध्ये, पट्ट्याखाली कोरलेले असतात. तिथे पॉलिशचं चाक सहसा पोचत नाही. पट्ट्याच्या घासण्याने ते फिके पडतात, पण समूळ नाहीसे व्हायला कुणीतरी तिथे मुद्दाम हात घालावा लागतो. ओरखडे भरपूर आणि कडा तीक्ष्ण असलेली केस मी डोळे मिटून चकचकीत केसच्या आधी निवडतो.

एक वेगळी सूचना. पन्नासच्या दशकातल्या किंवा साठच्या सुरुवातीच्या घड्याळात रेडियम असू शकतं. ते चमकायचं थांबलं तरी किरणोत्सारी राहतंच. ते निम्मं व्हायला सोळाशे वर्षं लागतात. बंद काचेआड ते मनगटावर घालायला फारशी अडचण नाही. पण घरी काच काढून ठिपके खरवडणं, फुंकर मारून धूळ उडवणं, हे कधीही करू नका. ती धूळ पोटात किंवा फुप्फुसात जाता कामा नये.

मग सुरुवात कशाने? मी सेइको ६१३९ सुचवेन. जपानी बाजारात ती ‘स्पीड-टायमर’ म्हणून विकली जायची, बाहेरच्या कड्यावर टॅकीमीटर, रंग झणझणीत, आणि आत मशीन असं की ते पाहून स्विस लोकांनीही मान डोलवावी: कॉलम व्हील आणि उभा क्लच (दातांऐवजी चकत्या एकमेकींवर दाबून क्रोनोग्राफ जोडणारा), दोन्ही. पिवळ्या डायलचं एक घड्याळ अंतराळवीर विल्यम पोग १९७३ मध्ये स्कायलॅब या अंतराळस्थानकावर घेऊन गेला, म्हणून त्याला ‘पोग’ म्हणतात. आखातात नोकरीला गेलेल्या लोकांनी त्या काळात सेइको, सिटिझन भरपूर आणली, त्यामुळे कोकणातल्या एखाद्या घरच्या कपाटात असा नग अजूनही सापडू शकतो. रोजच्या सेकंदांचा वेगळा काटा यात नाही. क्रोनोग्राफचा मोठा काटाच लोक सतत चालू ठेवत, आणि उभ्या क्लचमुळे त्यात फारसं बिघडतही नाही.

६१३९ हे शिकायला उत्तम आहे, कारण त्यातलं सगळं वाचता येतं. मागच्या झाकणावरच्या क्रमांकाचा पहिला आकडा वर्षाचा शेवटचा आकडा, दुसरा महिना. सुरुवातीच्या घड्याळांवर ‘वॉटर प्रूफ’ असा मजकूर होता, १९७० च्या आसपास तो बदलून ‘वॉटर रेझिस्ट’ झाला. झाकणावर एक आणि डायलवर दुसरं असेल तर काहीतरी बदललंय. डायलच्या तळाशी बारीक अक्षरांत कोड असतो, तो झाकणावरच्या नंबराशी सुसंगत आहे का बघायचा. इथे डोळा तयार झाला की तीच पद्धत हॉयरला लागू पडते. मात्र पिवळ्या पोगच्या नव्या बनावट डायल बाजारात ढिगाने आहेत, सपाट आणि भडक पिवळ्या. निळी किंवा चंदेरी घ्या. गोष्ट कमी, डोकेदुखीही कमी.

स्विस मशीनचंच हवं असेल तर व्हॅल्जू ७७३३ किंवा ७७३४ असलेली कमी नावाजलेली घड्याळं बघा: वाकमन, सिक्युरा, फ्रान्सची येमा. हॅमिल्टनच्या नावाची काही क्रोनोग्राफ त्या काळात हॉयरनेच बनवून दिलेली होती. केस ओळखीची, नाव वेगळं, भाव बराच कमी. माझ्या मते आज या बाजारात पैशाला सर्वांत जास्त घड्याळ तिथेच मिळतं. तुम्हाला मनापासून करेराच आवडत असेल, तर दोन-तीन वर्षं या पायऱ्यांवर काढून मग स्वच्छ कागदांचं, नंबर शाबूत असलेलं २४४७ घ्या. किंवा लाज न बाळगता ७३६५३ घ्या, पण ७३६५३ म्हणूनच, त्याच्याच भावात.

हातात घेतल्यावर काय तपासायचं? चावीचं असेल तर पूर्ण चावी द्या. क्रोनोग्राफ चालू करा, अर्धा तास तरी चालू ठेवा. मिनिटाचा काटा साठ सेकंदांच्या आसपास एका झटक्यात किंवा ठराविक रीतीने पुढे जायला हवा, अधेमधे अडकून राहायला नको. बंद करा, शून्यावर आणा, असं दहा वेळा करा. मोठा काटा दरवेळी बरोबर बाराच्या रेघेवर यायला हवा. कधी रेघेच्या अलीकडे, कधी पलीकडे येत असेल तर काटा शून्यावर आणणारी हातोडी किंवा हृदयाच्या आकाराचा कॅम झिजलाय, किंवा काटा सैल बसलाय. टायमिंग मशीन जवळ असलेल्या घड्याळजीकडे नेता आलं तर क्रोनोग्राफ बंद आणि चालू अशा दोन्ही अवस्थांत अँप्लिट्यूड, म्हणजे बॅलन्स व्हील किती अंशांपर्यंत झुलतं ते, मोजायला सांगा. चालू केल्यावर ती थोडी उतरतेच. पन्नास-साठ अंशांनी कोसळली तर सर्व्हिसिंगचा खर्च आत्ताच भावातून वजा करा. ‘नुकतंच सर्व्हिस केलंय’ या वाक्याला पावती नसेल तर ते न ऐकल्यासारखं करा.

सर्व्हिसिंग कुणाकडे, हा आपल्याकडचा खरा प्रश्न. साधी घड्याळं उत्तम करणारे अनेक जण क्रोनोग्राफला सढळ हाताने तेल घालतात, आणि क्रोनोग्राफच्या चाकांच्या दातांना तेल लावायचंच नसतं. तेलाने धूळ धरते आणि सगळं जड होतं. कारागिराला आधी विचारा, व्हॅल्जू ७२ किंवा सेइको ६१३९ पूर्वी उघडलंय का. नसेल उघडलं तर चांगला कारागीर तसं स्वतःच सांगतो. घड्याळ देताना चिठ्ठीवर लिहून द्या: केस पॉलिश करू नये, डायल धुऊ नये, काटे-चावी विचारल्याशिवाय बदलू नये, काढलेला प्रत्येक भाग परत द्यावा. कंपनीच्या अधिकृत सर्व्हिस केंद्रातही हे सांगावं लागतं, कारण त्यांचा हेतू घड्याळ नव्यासारखं करून देणं हा असतो, आणि नवी डायल, नवे काटे बसवून ते भलं काम केल्यासारखं करतात. जुन्या स्पीडमास्टरची मूळ बेझल अशीच बदलली गेली तर एका दुपारी घड्याळाची बरीच किंमत कचऱ्यात जाते.

परदेशातून मागवणार असाल तर वापरलेल्या मालाच्या आयातीचे नियम नव्या मालापेक्षा वेगळे आहेत आणि वर कस्टम ड्युटी, जीएसटी आहे. पैसे पाठवण्याआधी कस्टम ब्रोकरशी बोला. पार्सल अडकल्यावर बोलून उपयोग होत नाही. युरोप-अमेरिकेत नातेवाईक असले तर त्यांच्या पत्त्यावर मागवून आधी तिथल्या कारागिराकडून झाकण उघडून घेणं बरं पडतं. स्विस कंपन्यांपैकी लॉन्जिन्स, झेनिथ यांच्याकडून जुन्या नोंदींचा उतारा मिळतो. तो जरूर घ्या, पण तो उतारा घड्याळ केव्हा आणि कुठे पाठवलं एवढंच सांगतो. आज त्यात बसलेली डायल तीच आहे की नाही, हे त्यात नसतं.

आणि जून ते सप्टेंबर जुनं क्रोनोग्राफ बाहेर घालू नका. बटणांच्या नळ्यांमधली रबरं पन्नास वर्षांची, कडक झालेली असतात. झाकणावर ‘वॉटर रेझिस्ट’ लिहिलंय म्हणून ते आज पाणी अडवत नाही. डब्यात सिलिका जेल ठेवा, दर महिन्याला ते बदला किंवा तापवून कोरडं करा. काचेच्या आतल्या बाजूला धुकं दिसलं तर वाट बघू नका, त्याच दिवशी चावी बाहेर ओढून घड्याळजीकडे न्या. ओलावा एक आठवडा आत राहिला तर डायलचं जे होतं, ते कोणी दुरुस्त करू शकत नाही.